जोतिबाचा गुलाल आणि फिल्टरची जुनी रिंग

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. स्वतःच्या हातांवर मात्र भलताच होता, आणि सगळा घोळ त्यानंच केला.

आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. त्याआधी जोतिबाला हात जोडून यायचं, एवढाच तिचा हट्ट, आणि तोही बाबांच्या जुन्या डिझेल गाडीतनंच. बाबांनी ती गाडी घेतली तेव्हा घरी न आणता आधी डोंगरावर नेली होती. ते गेल्यापासून गाडी तिकडं फिरकलीच नव्हती. मी रिक्षा बोलावतो म्हटलं, तर आई म्हणाली, "रिक्षा दवाखान्याला. देवाला आपल्या गाडीनंच जायचं की."

गाडी चढाला दम टाकत होती, म्हणून सकाळीच मी डिझेल फिल्टर बदलायला घेतला. गुरू कोण, तर मोबाईलवरचा एक व्हिडिओ. त्यातला माणूस शीळ घालत काम करत होता, म्हणून मीही शीळ घातली. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबरी रिंगला डिझेलचं बोट लावलं, घट्ट पिळून बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली.

फिल्टरच्या डोक्यावर एक हातपंप असतो. तो दाबत राहिलं की पाइपातली हवा निघून जाते, डिझेल भरतं आणि पंप हाताला कडक लागतो. माझा पंप पिकलेल्या पेरूसारखा मऊ तो मऊच. पंप मारायचा, किल्लीकडं पळायचं, परत पंप मारायचा, असं माझं चाललं होतं. बॅटरीचा आवाज बसत चालला. शेजारचे अण्णा दुकान उघडायला निघाले होते, ते आमच्या फाटकाला टेकून उभे राहिले. भुसाराचं दुकान सोडून त्यांना आज माझ्यातच रस होता. "हिला बी संध्याकाळी अॅडमिट करा की," ते म्हणाले.

मी हसलो, पण सोप्यात आई दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा एक हात छातीवर होता. ते बघितलं आणि माझं हसू पुसलं गेलं. डोंगर राहिला तर ती उद्या ऑपरेशनला मनात रुखरुख घेऊन आत जाणार होती. आणि उद्यानंतरचं कुणाला ठाऊक?

इतक्यात ती उठली. देव्हाऱ्यातली गुलालाची डबी घेऊन हळूहळू अंगणात आली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणाली आणि मूठभर गुलाल उघड्या इंजिनावर उधळला. मी भडकलो. आई, मशीन आहे ते, असं बरंच काही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुझं तू केलंस. माझं मी केलं."

चडफडत फडकं घेऊन वाकलो, आणि हात थांबला. सगळीकडं गुलाल कोरडा, फिकट होता. फिल्टर जिथं वर टेकतो, तिथंच एक रेघ ओल्या कुंकवासारखी गडद झाली होती. सहज पंप दाबला, तर रेघ जाड झाली. तेलकट काळ्या लोखंडावर मला इतका वेळ ती ओल दिसलीच नव्हती. अण्णा आत येऊन डोकावले. "तिथनं गळतंय की वो."

फिल्टर खोलला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर लोखंडाला चिकटून तशीच राहिली होती, आणि मी तिच्यावरच नवी चढवली होती. दोन रिंगांच्या फटीतून डिझेल बाहेर येत होतं आणि हवा आत जात होती. व्हिडिओत ते सांगितलंही असेल. पण मधला भाग मी न बघताच पुढं ढकलला होता.

जुनी रिंग खरवडून काढली. फिल्टर काठोकाठ डिझेलनं भरून बसवला. पंप मारता मारता कच्च्या पेरूसारखा कडक लागला. अण्णांनी आपली जीप आणून बॅटरीला बॅटरी जोडली. गाडी सुरू झाली आणि पहिला काळा धूर अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. अण्णांनी त्यालाही हात जोडले.

डोंगरावर देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि आईला डॉक्टरांनी पायऱ्यांची मनाई केली होती. वरूनच शिखर बघून ती बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

पुढं एकदा माझ्यातला चौकस माणूस स्वस्थ बसेना. मुद्दाम रिंग ढिली ठेवून इंजिनावर गव्हाचं पीठ टाकून बघितलं. पीठही तसंच ओलं झालं. चमत्कार वगैरे म्हणायची सोय राहिली नाही. पण त्या सकाळी पीठ घेऊन कुणी आलं नव्हतं. गुलाल घेऊन आई आली होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखाना डोक्यावर घेतला होता. रक्ताची बाटली आली का, डॉक्टर आले का, त्यांनी नाश्ता केला का, सगळं विचारून झालं. नर्स मला बघून वाट बदलायला लागल्या. दारापाशी स्ट्रेचरवरून आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"लेका, आता पंप मारायचं थांब. बस जरा."

दार बंद झालं. मी बाकावर बसलो. नखांत गुलाल तसाच होता. आई आज घरी आहे, बरी आहे, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना हात मांडीवर ठेवून बसता आलं. जोतिबाचं देणं मी तेच मानतो.