सुतळीत ओवलेली कार्डं

सुतळीचा तेलकट, उग्र वास आला की अजूनही मला वाशीमची कचेरी आठवते. सत्तरच्या दशकात आमच्या महामंडळात वाद होता: कॉम्प्युटरचं सगळं काम मुंबईतच करायचं, की गावोगावच्या कचेऱ्यांनी कार्डांना भोकं पाडून ती मुंबईच्या यंत्राकडे पाठवायची? मी गावांच्या बाजूने भांडत होते. दोन दिवसांनी मुंबईच्या बैठकीत निकाल लागणार होता, म्हणून चाचणीची कार्डं आणायला वाशीमच्या कचेरीत गेले होते. पत्रे तापलेले, पंखा बंद, गाडी चुकेल म्हणून मी सारखी घड्याळ बघत होते. तिथल्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, गठ्ठा आणला. कचेरीतल्या कागदांना करतात तसं दाभणाने आरपार भोक पाडून त्यांनी सगळी कार्डं सुतळीत ओवली होती. "आता तुमाले घोर नाही बाई, एकही कार्ड इकडचं तिकडं होत नाही." यंत्र तर भोकंच वाचायचं, कुठल्या जागी भोक आहे त्यावरून आकडा ठरायचा! "हे कशाला केलंत?" मी ओरडलेच. ते गोंधळले. "भोकं तं होतेच न बाई. आनखीन एकानं काय होते?" यंत्राने एकही कार्ड धड वाचलं नाही, आणि बैठकीत मी हरले. आजही कॉम्प्युटर कंपन्या मला सल्ल्याला बोलावतात. तिथली मुलं माहिती कुठून कुठे जाणार ते दाखवायला फळ्यावर चौकोन काढून बाणांनी जोडत असतात, आणि मला बसवत नाही. मी उठते, एकेका बाणावर बोट ठेवते नि विचारते, "इथे दाभण कोणाच्या हातात आहे?"