बालवाडीतल्या दोन सासवा

माझ्या सासूबाईंची ओळख मीच करून द्यायची म्हणजे पंचाईतच आहे. मी त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, त्यांचं नाव घेत नाही, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात आमच्यात एका शब्दाचं बोलणं नाही. भांडण वगैरे काही नाही हो! आमच्या नदीकाठच्या आदिवासी वस्तीत जावयाने सासूचा मान असाच ठेवायचा असतो. त्या समोरून आल्या की मी वळतो. त्या दुकानात शिरल्या की मी मागच्या दाराने बाहेर. एकदा आम्हा दोघांना एकदमच ताप आला, तर दवाखान्याची नर्स मला सुई टोचायला झाडाखाली आली होती.

वस्तीच्या बालवाडीची बस मी चालवतो आणि त्याच बालवाडीत सासूबाई आमची बोली शिकवतात. आता माझ्या बसमध्ये त्या कशा बसणार? चालत येतात. बस त्यांच्या बाजूने निघाली की मी मान फिरवतो आणि मागून पोरं बोंब मारतात, "डेस्मंडकाका, समोर बघ, झाड!"

सासूबाई गुरांच्या मळ्यावर वाढल्या. तिथे गोऱ्या मालकासमोर आपली बोली बोलायची चोरी होती. पण सासू-जावयाची जी वेगळी मानाची बोली, ती तिथेही टिकली. कारण ती पाठ फिरवून, इतकी हळू, इतकी संथ बोलायची असते, की मालकाला वाटायचं कुणी बोलतच नाही. आईच्या आईचे आणि वडिलांचे, म्हणजे सासू-जावयाचे, निरोप पोहोचवता पोहोचवता सासूबाई ती शिकल्या. पुढे म्हातारी माणसं एकेक करून गेली. आमच्या पिढीने काय केलं? सासू दिसली की पळायचं तेवढं ठेवलं, बोली टाकली सोडून. माझी बायको मॅक्सीन एकदा मला म्हणाली, "आई म्हणत होती, त्या बोलीत मला शेवटचं कोण बोललं तेच आठवत नाही. मी गेले की माझ्याबरोबर तीही पुरा. जावई मिळाला तोही मुका."

मुका! मला राग आला, पण उत्तर कुठल्या बोलीत देणार?

बालवाडीची बाई ब्रॉनविन, दक्षिणेकडच्या शहरातून आलेली. पोरगी गुणाची, पण तिचं एक वेड होतं: मूल पुढे, आपण मागे. मुलांना ज्यात गोडी, तोच धडा. मुलांना साप हवे, तर आठवडाभर साप. मुलांना खोदायचं होतं, तर त्यांनी पाण्याचा पाइप फुटेपर्यंत अंगण खोदलं, हिने फळ्यावर लिहिलं, "आज पाण्याशी ओळख." मी चिखलातून बस ढकलत होतो.

तर या ब्रॉनविनने एकदा निखाऱ्यावर भाजलेली घोरपड नाक न मुरडता खाल्ली, वर बोटं चाटली. सासूबाई इतक्या खूश झाल्या की तिचा हात धरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आजपासून ही माझी धाकटी बहीण." लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र लांब उभ्याउभ्या नातं लावलं आणि कपाळावर हात मारला. सासूची बहीण म्हणजे सासूच की!

बरं, माझं एक वेळ राहू द्या. क्विंटनचं काय? क्विंटन म्हणजे चार वर्षांचं, नाक वाहणारं पोर, पण आमच्या नात्याच्या हिशोबात तो माझा धाकटा भाऊ. म्हणजे माझ्या सासूबाई त्याच्याही सासूबाई. त्या आधीपासूनच त्याला पाठ करून बसायच्या आणि त्याचं सगळं ब्रॉनविन बघायची. आता ब्रॉनविनही सासू झाली. पोराला बालवाडीत दोन सासवा, आणि तिसरं मोठं माणूस नाही.

मॅक्सीन आईला म्हणाली, "अगं, नातं मागे घे ना."

"बहीण म्हणजे काय दुकानातला कपडा आहे, नाही बसला की परत करायला?" सासूबाई कडाडल्या. चूक कळली होती, पण ऐकतात कशाला!

शेवटी भार माझ्यावर. क्विंटनशी बोलायला मी एकटाच उरलो होतो. पण माझ्याही दोन्ही सासवा आत, मग मी आत कसा जाणार? म्हणून रोज मुलं उतरवली की मी आणि क्विंटन, दोघे जावई, बालवाडीच्या पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकून ओसरीवर बसायचो. येणारेजाणारे हसायचे. क्विंटनला काही वाटत नव्हतं. तो टोपी डोळ्यांवर ओढून मोठ्या माणसासारखा सुस्कारे टाकायचा.

आत मुलांना याची गोडी लागली. झालं! मूल पुढे, आपण मागे. साप गेले, खोदकाम गेलं, सासू आली. बाहुल्यांना सासवा मिळाल्या. एक पोरगी तर प्लास्टिकच्या घोड्याची सासू होऊन बसली आणि दुसऱ्या कुणाला घोड्याकडे बघू देईना. आणि मग एक दिवस त्यातल्याच कुणीतरी विचारलं, "आजी, सासूशी बोलायचंच असेल तर कसं बोलायचं?"

मग भिंतीपलीकडून तो आवाज आला. सासूबाई रोज नाक-कान-डोळे शिकवायच्या तो नव्हे. हा हळू, दमादमाने येणारा. हीच ती मानाची बोली! या बोलीत एका माणसालाही 'आपण' म्हणायचं आणि शब्द थोडके वापरायचे. मासा, कांगारू, बिस्किट, सगळ्याला मिळून एकच शब्द, अन्न. सासूपुढे पदार्थाची नावं घेत बसायचं नसतं.

त्यानंतर रोज तेच. आतली पोरं शिकायची, बाहेर आम्ही दोघे भिंतीला कान लावून. क्विंटन माझ्याहून हुशार निघाला. मी पुटपुटलो की लगेच, "भाऊ, हळू! सासू घाबरेल." चार वर्षांचा पोरगा मला शिकवतो! पण खरंच, मला जमायचं नाही. बस चालवणाऱ्याचा गळा तो.

अशात शिक्षण खात्याचे साहेब आले. पेन्हॉल त्यांचं नाव. बूट नवे, कपाळ घामाने निथळतंय. त्यांनी आधी आत डोकावलं, मग आमच्याकडे आले.

"हा मुलगा बाहेर का?"

"आत त्याच्या सासवा आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"दोन."

साहेब खाली वाकून क्विंटनला म्हणाले, "बाळ, तुला बाईंनी बाहेर काढलं का?"

"मी मान ठेवतोय," क्विंटन भिंतीला पाठ घट्ट लावून म्हणाला.

"ड्रायव्हर, जरा आत जा आणि बाईंना बोलवा."

"मी त्यांच्याशी बोलत नाही. त्या माझ्याही सासू आहेत."

"अहो, ती पंचविशीतली मुलगी आहे!"

"हो ना. लवकर झाली."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते दारात उभे राहून आत-बाहेर ऐकू जाईल असं बोलले, की एका मुलाशी इथे कुणी शिक्षक बोलतच नाही, तो वर्गाबाहेर असतो, हे चालायचं नाही. आत्ता, त्यांच्यासमोर, बाईंनी या मुलाला समोर बसवून त्याच्याशी बोलावं. नाहीतर बोलीचा तास आजपासून बंद आणि म्हाताऱ्या बाईंनी घरी जावं.

आतून ब्रॉनविनचा रडवेला आवाज आला, "ताई, मी बोलू का?"

"माझ्यादेखत नाही. आणि मी इथून हलणार नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज ठाम होता, पण शेवटी चिरकला. म्हातारी हरली होती, तिला ते कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मी जावई, मला खोकायचीही चोरी.

तेवढ्यात क्विंटन उठला. खिशातून अर्धं खाल्लेलं बिस्किट काढलं, त्याला चिकटलेला केस फुंकून उडवला आणि भिंतीकडे पाठ करून, हात मागे नेऊन, ते छोट्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. मग हळू, दमादमाने, त्या बोलीत म्हणाला, "आपल्यासाठी अन्न आणलं आहे."

मग सासूबाईंचा आवाज आला, त्याच बोलीत, "आपलं अन्न आम्हा दोघी बहिणींना पोचलं." बिस्किटाचे दोन तुकडे झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणाले ते?"

मी सांगितलं. त्यांनी कठड्याकडे पाहिलं. "म्हणजे बोलतात तर," म्हणाले, आणि कागदावर लिहिलं: मुलाशी बोलणं होतं, आणखी चांगलं व्हावं म्हणून भिंतीला मोठी खिडकी पाडावी. तास चालू राहिला. घाम पुसत साहेब गाडीत बसले. खिडकीचं नंतर पाहू, पाडली तर आतून खिळे ठोकू.

धूळ खाली बसली. मला वाटलं, संपलं. तर भिंतीपलीकडून पुन्हा तो आवाज.

"आपले थोरले भाऊ तिथे आहेत का?"

थोरले भाऊ म्हणजे मी. इतक्या वर्षांत सासूबाईंनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी क्विंटनकडे बघितलं. क्विंटनने कोपर मारलं. "बोल ना!"

"आहे," मी त्या बोलीत म्हणालो. गळा घोगरा झाला होता, म्हणून आपोआप हळू आलं.

आतून नाक ओढल्याचा आवाज. मग, "आपण जेवलात का?"

मी जेवलो नव्हतो. पण मला त्या बोलीत 'नाही' कसं म्हणायचं ते येत नव्हतं. मी डोळे पुसत क्विंटनच्या कानाशी वाकलो, त्याने शब्द सांगितला, आणि मी सासूबाईंना उत्तर दिलं.