हेळव्याच्या वहीत कुंदाचं नाव

कोल्हापूरला जायचं कुंदाचं ठरलं होतं, माझं नव्हे. कुंदा माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, पुण्यात एकाच घरात राहिलो. आजोबा कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेत हमाल, त्यांचा मुलगा कारकून झाला आणि त्याने मुलींना कॉन्व्हेंटात घातलं, एवढाच आमचा इतिहास. आजोबांच्या मागे कोण होतं ते शोधायचं आणि शेवटी आपल्या दोघींची नावं कुठेतरी पक्की लिहून घ्यायची, हा तिचा निवृत्तीनंतरचा बेत. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. गेल्या वर्षी ती वारली. या फेब्रुवारीत मी एकटीच एसटीत बसले.

पुणे-कोल्हापूर रस्त्याचं काम चालू आहे. ते कायमच चालू असतं. पाच तास सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, सात लागतात. मंगळवार पेठेत लॉजवर उतरले. खोली स्वच्छ, भाडं वाजवी, गादी दगडी. सकाळी गवळी खिडकीखाली म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकांसमोर धार काढत होते. ते दूध जरूर प्या.

मग जुन्या नोंदींचं सरकारी कार्यालय. रांग जिन्यापर्यंत, सगळे जातीच्या दाखल्यासाठी पणजोबा शोधायला आलेले.

"कुणाच्या दाखल्यासाठी?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"दाखला नको. आजोबांचे वडील कोण, ते हवंय."

"मग उपयोग काय त्याचा?"

"उपयोग तर मला तुमचाही अजून दिसलेला नाही."

रांग हसली, काम मात्र झालं नाही. सारा भरणाऱ्यांची नावं कागदात सापडतात, पाठीवर गुळाच्या ढेपा वाहणाऱ्याचं नाव कोण कशाला लिहील?

मागे उभा असलेला शेतकरी म्हणाला, "मूळ गाव कुठलं?" मी सांगितलं. "पन्हाळ्याखालचं? मग हितं कशाला ताटकळताय? हेळवी गाठा की. सुगी झालीया, फिरत असतील."

हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. सुगी झाली की गावात येतात, वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतात, नवी नावं लिहितात आणि धान्य घेऊन जातात.

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून गावी गेले. एसटी स्वस्त पडेल, पण परतीच्या गाडीची चौकशी आधी करा. तिथे आमचा चुलतभाऊ राहतो, अगदी घुम्या. त्याची बायको, आमची वहिनी, दोघांच्या वाटचं बोलते. "वन्सं, इतक्या वर्सांनी वाट घावली व्हय? आदी जेवा!" भाकरी, खर्डा, वांग्याची आमटी. माझं जेवण होईतो तिने फोन करून शेजारच्या गावात उतरलेला हेळवी बोलावूनही घेतला. पूर्वी ते बैलावरून येत, हे मोटारसायकलवरून आले. सत्तरीचे, डोक्याला फेटा, मराठी कानडी वळणाची.

वही उघडली, पण पाहिली नाही. डोळे मिटून सुरात म्हणू लागले. संतू, संतूचा येसबा, येसबाचा तुका. "तुकाचं तिघं. थोरला हितंच नांदला. मधला पटकीनं गेला. धाकटा म्हादू, गुळाच्या पेठंत वझी उचलाय गेला."

सरकारला न सापडलेला आजोबा ओझ्यासकट सापडला होता.

"म्हादूचं फुडं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"त्यांचं?"

"आम्ही दोघी."

पेन थांबलं. "लेकी दिल्या घरी लिवत्यात, अव्वा. कुठं दिल्या?"

"कुठेच नाही."

"मग वंश हितं थांबला."

"थांबला कशानं?" वहिनी उसळली. "ह्या काय हितं बसल्यात की, भाकरी खाऊन!"

ते हसले. जरा विचार करून म्हणाले, "बरं, लांबनं आलायसा. कडंला लिवतो. सांगा नावं."

इथे मी नावं सांगायला हवी होती. पण ते 'कडंला' माझ्या डोक्यात गेलं. रागावले की मी इंग्रजीत भांडते, नन्सनी आम्हाला तसंच घडवलंय. कायदा, समानता, वडिलांना शेवटपर्यंत कोणी सांभाळलं, सगळं काढलं आणि शेवटी स्वच्छ मराठीत म्हटलं, "उपकार नकोत तुमचे." त्यांनी वही फडक्यात गुंडाळली, वहिनीने दिलेले सूपभर जोंधळे घेतले आणि गेले.

भाऊ त्या दुपारी एकच वाक्य बोलला. "म्हातारा मानूस हाय. लिवलं असतं त्यानं."

परतण्याआधी पन्हाळ्यावर रिक्षा नेली. वरून दिसतं ते फार सुंदर आहे, तुम्ही गाडीतून उतरून पाहा. मी रिक्षातच बसून मनातल्या मनात त्या माणसाला आणखी उत्तरं देत होते.

राग पुण्यात उतरला. माझं नाव कुठे नसलं तरी माझं काही अडत नाही. पण मी गेले होते कुंदासाठी, आणि तिला कडेला चाललं असतं. सिनेमाला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली तरी "मिळाली ना" म्हणणारी ती. तुम्ही कधी हेळव्याकडे गेलात तर नावं आधी लिहून घ्या, भांडण नंतर.

वहिनीला फोन केला. "त्यो गेला की कर्नाटकात, वन्सं. आता दोन-तीन सुग्यांनी यील, आला तर. पोरं त्याची ह्यात न्हाईत, शेरात कामाला हायती." मग म्हणाली, "आला तर मी सांगतो त्याला. काय नाव म्हणायचं तुमच्या भनीचं?"

अख्खी दुपार भांडले, आणि त्या घरात मी तिचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

"कुंदा," मी म्हटलं.

"ओ, ऐकलंसा का," ती घरात ओरडली, "कुंदा म्हनं! ध्यानात ठेवा!"

भाऊ काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.