वडिलांच्या अर्जावरून

२० नोव्हेंबर १९८६, गुरुवार. या तारखेला शाळेच्या दाखला-नोंदवहीत एकशे सतरा क्रमांकाची नोंद आहे. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक ओळ, हा या वहीचा शिरस्ता. आणि सतरा वर्षांतली एवढी एकच ओळ तिच्या अक्षरात नाही.

ती म्हणजे शाळेची कारकून. मुलं तिला पाठीमागे ‘शिक्काबाई’ म्हणत, कारण शाळेचा गोल शिक्का तिच्या खणात असे आणि खणाची किल्ली तिच्या कमरेला. हे नाव तिला मनातून आवडायचं, असं शिपाईमामा सांगत. त्याला दुसरा पुरावा नाही.

त्या गुरुवारी ती दहावीच्या परीक्षेचे अर्ज घेऊन परीक्षा मंडळाच्या कार्यालयात गेली होती. चौऱ्याऐंशी अर्ज, त्यांत एक तिच्या थोरल्या मुलीचा. साडेतीन तास रांगेत उभी राहून तिनं पोच घेतली. अर्ज एकदा मंडळात पोचला की परीक्षा त्याच शाळेतून द्यायची. त्यानंतर शाळा सोडली तर वर्ष बुडालं. हा नियम तिच्याइतका पाठ दुसऱ्या कोणाला नव्हता. त्या दिवसापुरती किल्ली शिपाईमामांकडे होती.

शुक्रवारी सकाळी तिनं वही उघडली. मुख्याध्यापकांचं तिरकं, घाईचं अक्षर. नाव तिच्या मुलीचं. शाळा सोडण्याचं कारण : स्थलांतर. आधार : वडिलांचा अर्ज. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“मामा, काल कोण आलं होतं?”

“साहेब आले होते की, तुमचे. म्हणाले, घरात ठरलंय.” शिपाईमामा शाईच्या गादीकडे बघत राहिले. “मला वाटलं, बाई, तुम्हाला ठाऊक असणार.”

घरात ठरलं होतं ते वेगळंच. नवरा कारखान्यात फोरमन. कारखाना दुसऱ्या गावी हलत होता. थोरलीची परीक्षा मार्चमध्ये, धाकटीची एप्रिलमध्ये, आणि मग बिऱ्हाड हलवायचं, असं दोघांनी जुलैतच ठरवलं होतं. तोवर तो एकटा जाऊन राहणार होता.

ती मुख्याध्यापकांच्या खोलीत वही घेऊनच शिरली.

“सर, हा माझ्या मुलीचा दाखला आहे.”

“म्हणून तर लगेच दिला. घरचंच काम.”

“मला विचारलंत?”

“बाई, अर्ज वडिलांचा लागतो. मी इथं नवीन होतो तेव्हा तुम्हीच शिकवलंत ना? आईचा अर्ज आला की परत पाठवायचा.”

ती मागे वळली. खोलीतून बाहेर आली आणि कपाटातून १९७९ सालची वही काढली. त्या फेब्रुवारीत एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली होती. “बाई, चार आठवडे राहिलेत हो. दाखला देऊ नका. पोरीला परीक्षेला तरी बसू द्या.” वहीतून मान वरही न करता शिक्काबाई म्हणाली होती, “वडिलांना पाठवा.” वडिलांचा अर्ज तर आधीच टेबलावर पडलेला होता. ओळ सापडली, एकशे एक्केचाळीस. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. त्या सुबकपणाचाच तिला संताप आला. वही तिनं एवढ्या जोरात मिटली की शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी डोकावून पाहिलं.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता. थोरली स्वयंपाकघरातल्या टेबलावर भूमितीची आकृती काढत होती.

“दाखला द्या.”

“बसू तर देशील?”

“घरातलं मीठ संपलं तरी मला विचारता. आणि मुलीची शाळा संपली हे मला शिपायाकडून कळावं?”

“अगं, पत्र आलंय. कंपनीचं घर एक डिसेंबरला मिळतंय. पण कुटुंबासकट ताबा घ्यायचा, मुलं तिथल्या शाळेत घातल्याचं दाखवायचं. धाकटीचा दाखला मागाहून दिला तरी चालतो, थोरलीचा आधी हवा. नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला. सहा वर्षं वाट बघतोय मी. सहा!”

“आणि ती दहा वर्षं शिकतेय.”

“तिथंही शाळा आहेत.”

“तिचा अर्ज काल मी माझ्या हातांनी मंडळात दिलाय. तिथली शाळा आता तिला परीक्षेला बसवू शकत नाही. ना इकडची, ना तिकडची.”

तो थबकला. हे त्याला ठाऊक नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तिचा राग त्यानं तसूभरही कमी झाला नाही.

“तुला आधी सांगितलं असतं तर तू दाखला दिला असतास?”

“नसता.”

“मग!” वाद जिंकल्यासारखे त्यानं दोन्ही हात पसरले.

“मग काय मग? मी नाही म्हणाले असते, म्हणून मी शाळेत नसताना? चोरासारखं?”

“तोंड सांभाळून बोल. बाप आहे मी तिचा.”

“ते वहीत लिहिलंय. मी कोण आहे, ते कुठंच लिहिलेलं नाही.”

टेबलावरची पेन्सिल थांबली होती. आईनं तिकडे पाहिलं. “तू काढ गं आकृती,” ती खेकसली, आणि लगेच तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

दिलेला दाखला रद्द करायचा तर मूळ प्रत शाळेत परत यावी लागे, आणि सोबत रद्द करण्याचा अर्ज, तोही वडिलांचाच. “मी काही लिहून देणार नाही,” तो म्हणाला आणि उठून गेला.

शनिवारी, २२ नोव्हेंबरला, दाखल्याची मूळ प्रत वहीत डिंकानं चिकटवलेली आहे. तिच्यावर तांबड्या शाईत ‘रद्द’, खाली तिची सही आणि ठसठशीत गोल शिक्का. सोबत वडिलांचा अर्ज, दोन ओळींचा.

घर यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं. नवरा तीस तारखेला एकटाच नव्या गावी गेला. मार्चमधल्या परीक्षेच्या हजेरीपटावर मुलीची सही सगळ्या विषयांपुढे आहे. जूनमध्ये बिऱ्हाड हललं. दोन्ही मुलींचे दाखले तिनं स्वतः लिहिले, शिक्का मारला, आणि सतरा वर्षांची नोकरी चार ओळींच्या राजीनाम्यात संपवली. कारण : स्थलांतर. नवऱ्याच्या राजीनाम्याची गोष्ट त्या घरात कधी निघाली असेल, असं मानायला आधार नाही.

आणखी एक. २४ नोव्हेंबरपासून त्या वहीच्या समासात पेन्सिलनं एक रकाना आखलेला दिसतो : ‘आईस कळविले’. तसा नियम नव्हता, परिपत्रकही सापडत नाही. तिच्यानंतरच्या कारकुनानं तो रकाना आखला नाही.

दोन्ही अर्जांवर वडिलांची सही आहे. पहिलीखाली रेघ आहे, दुसरीखाली नाही. दुसरी सही त्यांनीच केली का, केली असेल तर त्या रात्रीत काय बदललं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांच्या त्या सगळ्या कागदांत मुलीला काय हवं होतं याबद्दल एकही शब्द नाही. तिला कोणी विचारलं होतं का, हे अजून कळलेलं नाही.