आधीचे साहेब का गेले?

इंटरव्ह्यू घेणाऱ्याकडे किस्से साठतात ते उमेदवारांच्या उत्तरांचे नव्हेत, प्रश्नांचे. शेवटी आपण म्हणतो, "आता तुम्ही काही विचारा," आणि माणूस तिथे खरा बोलायला लागतो. इकडे बंगालमध्ये, गार्डन रीचला आमचं जहाजदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मी एचआरमध्ये, शेजारी वर्क्स मॅनेजर सेनदा. यंदा जागा होती सेफ्टी ऑफिसरची. आधीचे मंडलबाबू जहाजाच्या टाकीत गुदमरून वारले होते.

*

बराकपूरहून एकजण आला होता. त्याचा एकच प्रश्न, "कँटीनमध्ये मासे रोज असतात?"

"फक्त शुक्रवारी," सेनदा म्हणाले. बिचारा खरंच विचारात पडला.

*

दुसरा नेटवरून प्रश्न पाठ करून आला होता. "सर, कंपनीची पुढच्या पाच वर्षांची व्हिजन काय?"

सेनदांनी वर पाहिलं. "पावसाळ्याआधी हे छप्पर नीट करायचं."

*

पाठांतरातला एक प्रश्न मात्र बहुतेकजण विचारायचे, "आधीचे साहेब का गेले?"

सेनदा म्हणायचे, "चोले गेछेन." बंगालीतही ते आपल्या 'गेले'सारखंच. नोकरी सोडली की जग सोडलं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सगळे नोकरीच समजायचे. मला लाज वाटायची, तरी मी पुढचं नाव पुकारायचे.

*

एका वयस्कर उमेदवारानं वेगळंच विचारलं. "अपघात झाला, तर घरी सांगायला कोण जातं?"

बागबाजारला मंडलबाबूंच्या घरी मीच गेले होते. त्यांच्या बायकोनं आधी मला बसायला खुर्ची दिली होती.

"मी जाते," मी म्हणाले.

त्यांनी माझं नाव विचारून घेतलं.

*

शेवटी आली रूमा. पहिलीच नोकरी सोडून आलेली, आवाज हळू. तिनंही आधीच्या साहेबांचंच विचारलं. सेनदांनी तेच उत्तर दिलं.

"कुठे गेले?" ती म्हणाली.

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सेनदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"टाकीत गॅस होता. त्यातच गेले."

"काम थांबवा, असं ते म्हणाले नव्हते?"

"म्हणाले होते."

"कोणाला?"

"मला."

रूमानं फाइल बंद केली. मला वाटलं, आता उठेल. तिनं खुर्ची जरा पुढे ओढली.

"मग मी कधीपासून येऊ?"