दोन मेरी

डॉक्टरांचं अक्षर वाचावं तर शैलजा खापरेनेच. तीस वर्षं ती टेक्सासमध्ये, शुगर लँड गावातल्या एका दुकानात औषधांच्या काउंटरमागे उभी होती. आता डॉक्टर कॉम्प्युटरवरून प्रिस्क्रिप्शन पाठवतात, पण तिच्या उमेदीच्या काळात कागदावर नुसती गांडुळं सरपटायची. बाकीचे फार्मसिस्ट चष्मे पुसत बसायचे आणि ही नागपूरची बाई एक नजर टाकून औषधाचं नाव, डोस, जेवणाआधी की नंतर, सगळं घडाघडा सांगायची. पण जरा जरी शंका आली, की फोन उचलून डॉक्टरला विचारायची. अंदाजाने गोळी द्यायची नाही, हा तिचा कायदा. पेशंट समोर आला की नाव आणि जन्मतारीख दोन्ही विचारायची, मग तो वीस वर्षांच्या ओळखीचा का असेना. नवरा श्रीरंग म्हणायचा, "हिने अंतरपाटाआडूनसुद्धा माझी जन्मतारीख विचारली असती."

रिटायर झाली आणि महिन्याभरात तिला घर खायला उठलं. कपाटं आवरून झाली, मसाल्यांच्या डब्यांना लेबलं लावून झाली. श्रीरंगच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून झाल्या, त्याला एकच गोळी होती तरी! त्या सुमारास मिस व्हर्नेलचा फोन आला.

मिस व्हर्नेल म्हणजे काउंटरवरची जुनी ओळख. इथे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, आपण मागे काकू लावतो तसं. वय अठ्ठ्याऐंशी. शाळेच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं पोरांना जेवू घालून निवृत्त झालेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायच्या त्या हातात डबा घेऊन, आणि डब्यात रताळ्याचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली इथली जाड पोळीच. शैलजाने एकदा त्यांना पुरणपोळी दिली, तर खाऊन म्हणाल्या, "बेबी, याच्यात आमचं रताळं घालून बघ." शैलजाने घालून बघितलं, आणि खरं सांगायचं तर बरं लागलं.

मिस व्हर्नेलना मरायच्या आधी एक नाव हवं होतं.

त्यांच्या आजीची आजी आफ्रिकेतून आणलेली. १८७०च्या जनगणनेत ती सापडते. गुलामी संपल्यावर या लोकांची नावं सरकारी कागदावर पहिल्यांदा तेव्हाच आली, त्याआधी नुसतं वय आणि बाई की पुरुष. तिथे लिहिलंय: मेरी, अंदाजे पंचेचाळीस, जन्म आफ्रिका. या भागात आफ्रिकेतून माणसं आणली ती १८३६च्या आसपास, म्हणजे ही दहा-अकरा वर्षांची असताना आलेली. गुलाम आणायला तेव्हा कायद्याने बंदी होती, तरी माणसं जहाजात कोंबून समुद्रापार क्युबात आणायची आणि तिथून टेक्सासच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायची. आज जिथे मॉल आणि आपल्या लोकांची चार-चार बेडरूमची घरं आहेत, तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला. मेरी हे मालकाने ठेवलेलं नाव. तिच्या आईने ठेवलेलं काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"तुला कळायचं नाही, बेबी," मिस व्हर्नेल एकदा म्हणाल्या होत्या.

"थोडं कळतं," शैलजा म्हणाली. "मी तेवीस वर्षांची होईपर्यंत मंजुषा होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले."

"तुला विचारलं होतं?"

"विचारतंय कोण! पण माझं वेगळं हो, मिस व्हर्नेल. मला मंजू म्हणून हाक मारायला माझी आई होती."

मिस व्हर्नेल तिचा हात धरून बसल्या.

तर फोन कशासाठी, की काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, जुन्या कागदांत त्या मळ्यावर येणाऱ्या डॉक्टरची एक वही निघाली होती, १८३७ची. अक्षर असं भयंकर, की दोन अभ्यासकांनी हात टेकले होते. "म्हटलं, डॉक्टरचं अक्षर आहे," मिस व्हर्नेल म्हणाल्या, "आणि माझ्याकडे तू आहेस."

शैलजा कंबर कसून बसली. रोज सकाळी चहा झाला की वहीच्या पानांचे फोटो स्क्रीनवर मोठे करायचे आणि एकेक ओळ उतरवून काढायची. औषधं ओळखीची निघाली, तापाचं क्विनीन, जुलाबाचं कॅलोमेल. त्यांच्या खुणांवरून तिला त्या माणसाचा हात कळत गेला. ताप, हगवण, हाताला चाबकाची जखम, पुन्हा ताप. कधीकधी ती मध्येच उठून अंगणात जाऊन उभी राहायची. एका बाळंतिणीच्या पानावर तर तिने श्रीरंगला हाक मारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

एप्रिलच्या एका मंगळवारी ते पान आलं. 'मेरी, नवीन आफ्रिकन, वय अंदाजे अकरा. ताप, हगवण. या नावाला ओ देत नाही. आसाबी म्हटलं की वळून बघते.'

शैलजाच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि जी बाई तीस वर्षांत एकदाही अंदाजाने वागली नव्हती, तिने पान उलटायच्या आत फोन लावला.

"आसाबी," ती म्हणाली. "मिस व्हर्नेल, आसाबी!"

पलीकडून एक हुंदका आला. मग म्हाताऱ्या ते नाव घोळवून घोळवून म्हणत राहिल्या, मोठ्याने, हळू, गाण्यात. दोघी फोनवर रडत होत्या. श्रीरंगने चहा केला, त्याच्याही चष्म्याआडून पाणी ओघळत होतंच.

दुपारी शैलजाने पुढचं पान उघडलं. 'दुसरी मेरी, हीसुद्धा नवीन, वय तेवढंच, दुखणं तेच. मालकाने दोघींना एकच नाव ठेवलं आहे. ही अबेनी म्हटलं की वळते.' आणि बारा दिवसांनंतरच्या पानावर एवढंच: 'मेरी वारली. दुसरीला उतार.'

कोणती मेरी? मेल्या, एक शब्द जास्त लिहिला असतास तर तुझी शाई संपणार होती का? शैलजाने वही पुढून मागे, मागून पुढे पालथी घातली. औषधाचे डोस ताडून पाहिले, कुणाला किती दिलं, कधी थांबवलं. काही म्हणजे काही हाती लागेना. एकाच नावाचे दोन पेशंट, आणि जन्मतारीख कुणालाच नाही. कदाचित आसाबी मिस व्हर्नेलच्या आजीची आजी होती. कदाचित ती बाराव्या दिवशी गेली होती, आणि जगली ती अबेनी.

तेवढ्यात मिस व्हर्नेलचा मेसेज आला. जूनमध्ये त्यांच्या घराण्याचं मोठं संमेलन असतं, पाच राज्यांतून नातेवाईक येतात, सगळ्यांचे सारखे टी-शर्ट. यंदा बेचाळीस टी-शर्ट छापायला दिले होते, जांभळे, छातीवर मोठ्या अक्षरांत 'आसाबीची लेकरं'. मेसेजच्या खाली एकामागून एक नाचणाऱ्या इमोजी.

शैलजाने फोन उलटा करून ठेवला.

"राहू दे ना," रात्री जेवताना श्रीरंग म्हणाला. वाईट माणूस नाही तो, उलट फार मऊ. "किती आनंदात आहेत त्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला आता कशाला डिस्टर्ब करायचं? आणि निम्मे चान्सेस तर बरोबरच आहेत."

"निम्मे चान्सेस आहेत म्हणून मी कुणाला कधी गोळी दिली का?"

"ही गोळी नाही, शैलू."

"मग काय आहे?"

तो ताटं उचलायला लागला. तिला झोप कसली येतेय! चुकीचं औषध दिलं गेलं तर आधी पेशंटला कळवायचं, मग बाकी सगळं, हे तिने कितीतरी नव्या पोरींना शिकवलं होतं. शिकवणं सोपं असतं. आपण स्वतः पायावर धोंडा पाडून घेतलाय आणि ओरडणार दुसरंच कुणी, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मिस व्हर्नेल पुन्हा माझ्याशी बोलतील का, हाही विचार होताच. काउंटर सुटल्यापासून तिला मैत्रीण अशी त्याच एक होत्या.

सकाळी ती गाडी घेऊन निघाली. मिस व्हर्नेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी कॉफी ओतली. शैलजाने पर्समधून दोन्ही पानं काढली, टेबलावर पसरली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. आधी घाई केली ती माझी चूक, हे सांगितलं. दोन मुली होत्या, एक गेली, कोण गेली ते कळत नाही, कळायला मार्गच नाही, हे सांगितलं. "मी तुम्हाला पुढचं पान न वाचता फोन केला," ती म्हणाली. "मला माफ करा."

मिस व्हर्नेलनी चष्मा चढवला. दोन्ही पानं जवळ ओढली, त्या गांडुळांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी कठीण झाला. शैलजाला वाटलं, झालं, आता आपल्याला जायला सांगतील. 

"अकरा वर्षांच्या," शेवटी त्या म्हणाल्या. "दोघी एकाच जहाजात आल्या असतील?"

"असतील. डॉक्टर दोघींना 'नवीन' म्हणतो."

"म्हणजे शेजारी शेजारी झोपल्या असतील."

"हो."

"आणि इथे आल्यावर अख्ख्या मळ्यावर यांना यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोण होतं? एकीला दुसरी."

शैलजाने मान हलवली. 

"जी जगली," मिस व्हर्नेल सावकाश म्हणाल्या, "तिला आपल्या मैत्रिणीचं नाव माहीत होतं. जगात तिला एकटीलाच. तिने काही ते टाकलं नसेल, बेबी. मग ती गेलेली पोर पोरकी करणारी मी कोण? तिला लेकरं झाली नाहीत. तिचं नाव घ्यायला कुणी नाही. बेचाळीस जणं येताहेत माझ्याकडे. आणखी एक नाव घेतल्याने आमचा घसा थोडाच दुखणार आहे."

त्यांनी फोन उचलला आणि छापणाऱ्याला सांगितलं, थांब, छापू नकोस, 'आसाबी आणि अबेनीची लेकरं' असं कर. पलीकडचा काहीतरी जागेचं बोलत असावा. "मग अक्षरं बारीक कर," म्हाताऱ्या खेकसल्या.

शैलजा खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक पुसायचंही भान न ठेवता. मिस व्हर्नेलनी तिला रडू दिलं. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "आणि त्रेचाळिसावा कोणत्या साइजचा सांगू? तुला मीडियम होईल ना?"