रंगनाथचं रीळ

सत्त्याऐंशी साली आमची कंपनी आसामात एका डोंगरी नदीच्या काठावर होती. मी हवालदार, ट्रेड आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गाव परतूर तालुक्यातलं. नाईक रंगनाथ भोकरदनकडचा. कंपनीत जालना जिल्ह्याचे आम्ही दोघंच. त्यामुळे भांडायचं तरी एकमेकांशीच.

रूटीन ठरलेलं. ०६०० ला पीटी, ०८०० ला हत्यारांची तपासणी, रविवारी दुपारी सुट्टी. रंगनाथ त्या सुट्टीत नदीवर गळ टाकून बसायचा. बदली झालेल्या एका साहेबांनी त्याला जुनं परदेशी रीळ दिलं होतं. रिळाला तारेची एक कडी असते. फेकताना ती उघडायची, दोरा सुटत जातो. मग मिटायची, दोरा गुंडाळता येतो. कडी जागेवर धरणारी स्प्रिंग बारीक, आणि ती घडोघडी तुटायची. तिथं नवी कुठून आणणार? हत्यारांच्या स्प्रिंगा सरकारी, त्यांना मी हात लावत नसे. मग घरगुती सामान खोलायला लागलो.

सुट्टीवर आलो की माझ्याच घराची झडती. बॉलपेन, टॉर्च, कपड्यांचे चिमटे, गॅसचा लायटर, बंद पडलेलं गजराचं घड्याळ. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "लोकायचे नवरे सुट्टीत घर दुरुस्त करतेत. तुमी खोलून राह्यले."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून स्प्रिंगा नेल्या. रंगनाथ त्यात बोट फिरवत म्हणाला, "उस्ताद, ह्यातली वैनीच्या चिमट्याची कोन्ती?" त्या खेपेला मी पेनची बसवली. नरम होती, मला माहीत होतं. म्हटलं, माशापुरती चालेल.

जुलैत रंगनाथ तीन जवान घेऊन गस्तीवर गेल्ता. परतताना चौघं उथळ पाण्यातून चालत नदीतल्या बेटावर आले आणि वरून पाणी सुटलं. १११० ला वायरलेस सेटवर रंगनाथ बोलला.

"बेस, अल्फा वन. दोन्हीकडून पाणी. बेट बुडतंय. ओव्हर."

"अल्फा वन, बेस. जागेवर थांबा. दोर पाठवतो. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी हातानं दोर फेकून पाहिला. अर्ध्यात पडला. बोट जवळपास कुठंच नव्हती. मी म्हणालो, "साहेब, रंगनाथचं रीळ. गळाचं शिसं फेकतो. नायलॉनचा दोरा पोचला की त्याला सुतळी, सुतळीला दोर."

"फेक."

रीळ आणि माझा डबा घेऊन मी पळत आलो. ११२५ ला पहिली फेक. कडी फेकतानाच मिटली, नायलॉन तुटला, शिसं गेलं. दुसरी फेक, तेच. पेनची स्प्रिंग कडीला धरत नव्हती.

मी चिखलात बसलो आणि डबा उघडला. टॉर्चची जाड. चिमट्याची बसेना. लायटरची लांब होती, पक्कडीनं तोडली, घासली. ओल्या बोटांतून निसटून चिखलात पडली. चिखल चाळून पुन्हा काढली. सुभेदार साहेब माझ्या डोक्यावर छत्रीसारखी बरसाती धरून उभे होते. सेट माझ्या बाजूलाच.

"उस्ताद, पानी मांडीला आलं. जल्दी करा. ओव्हर."

११४७ ला स्प्रिंग बसली. तिसरी फेक बराबर बेटावर. त्यांनी नायलॉन ओढला, सुतळी ओढली, दोर झाडाला बांधला. रंगनाथनं सगळ्यात लहान जवानाला आधी पाठवलं. मग पोहता न येणाऱ्याला. मग तिसऱ्याला. एकेकाला सात-आठ मिनिटं लागत होती.

"तिघं पोचले का? मोजून घ्या. ओव्हर."

"पोचले. आता तू नीघ. ओव्हर."

"निघालो."

तो दोराला हात घालत होता तेव्हा वरून एक अख्खं झाड वाहत आलं. बेटावरचं झाड, दोर आणि रंगनाथ, तिन्ही एकदम गेले. दुसऱ्या दिवशी ०७३० ला तो तीन किलोमीटर खाली सापडला. कंपनी कमांडर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या डोक्यानं तीन माणसं वाचली." मी "जी साहेब" म्हणालो. खरं सांगतो, बरं वाटलं होतं.

पेन्शन घेऊन गावी आलो, पण एका जागी बूड टेकत नव्हतं. दुधना नदीवर गळ टाकणाऱ्यांची रिळं दुरुस्त करायचो. घरातलं एकही घड्याळ धड राहिलं नाही. रंगनाथच्या वडिलांना वर्षातून एकदा भेटून यायचो, चहा घ्यायचो, परतायचो.

एकदा नदीवर एसटीचे एक रिटायर ड्रायव्हर भेटले. त्यांच्या रिळाची तीच स्प्रिंग तुटली. मी म्हणालो, "थांबा, डबा आणतो."

"कशाला?" त्यांनी दातानं नायलॉनचा वीतभर तुकडा तोडला, कडी उघडी ठेवून रिळाला बांधून टाकली आणि फेकलं. शिसं लांब जाऊन पडलं. "फेकायपुरतं झालं की. स्प्रिंग घरी जाऊन बघू. काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

मी त्यांच्या हातातलं रीळ घेऊन ती गाठ बघितली. त्या दिवशी माझ्या हातात नायलॉनच होता. दुसऱ्या कुणीही कडी बांधली असती. मी कारागीर, मला स्प्रिंगच बसवायची होती.

चार दिवस जेवण गेलं नाही. घरात येरझारा घालत राहिलो. सुनंदानं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जालन्याला उतरून भोकरदनची गाडी पकडली. रंगनाथचे वडील ओसरीवर तूर निवडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हात चालू होते.

"बांधली असती कडी, तर?"

"तर तो आला असता, बाबा."

हात थांबले. म्हणाले, "ह्ये आजून कोनाला सांगितलं?"

"न्हाई. तुमालाच."

"मंग आत जा. सून सैपाक करून राह्यली. माझ्या आधी तिला सांगाय पायजे व्हतं."

मी बूट काढले आणि आत रंगनाथच्या बायकोकडं गेलो. तिला सांगितलं, वेळांसकट.

नाईक रंगनाथ. वय अठ्ठावीस. तिघांना पुढं घातलं, स्वतः मागं राहिला. त्याला आठ मिनिटं पाहिजे होती. बावीस माझ्याकडं होती.